मुलं टिकली तर संघ टिकला: वर्धा जिल्ह्यात मुलांच्या रग्बी संघाचा हंगाम कसा आखावा

नव्या खेळाचा संघ सुरू करायला फार काही लागत नाही. एक उत्साही क्रीडाशिक्षक, दोन-तीन लांबट चेंडू आणि शाळा सुटल्यावर रिकामं पडलेलं मैदान, एवढ्यावर पंचवीस-तीस मुलं गोळा होतात. चेंडू हातात घेऊन सुसाट पळायचं, हे कोणत्याही मुलाला शिकवावं लागत नाही. संघाची खरी परीक्षा पुढच्या वर्षी होते. पहिल्या जुलैत आलेल्यांपैकी दुसऱ्या जुलैत किती जण परत आले, किती जण दुखापतीमुळे घरी बसले, किती मुलींचं येणं बंद झालं, यावरून तो संघ जगणार की नाही ते कळतं. जिंकलेले चषक शाळेच्या कपाटात राहतात, मुलं मात्र गळून जाऊ शकतात.

जून २०२५ मध्ये मुंबईत अंधेरीच्या क्रीडा संकुलात रग्बी प्रीमियर लीगचा पहिला हंगाम झाला आणि अनेक घरांत हा खेळ पहिल्यांदाच टीव्हीवर दिसला. वर्धा, हिंगणघाट, आर्वी, पुलगाव, देवळी अशा ठिकाणी आपल्या शाळेत किंवा क्रीडा मंडळात मुलांचा रग्बी संघ उभा करावा असं ज्यांना वाटतं, त्या शिक्षकांसाठी, जुन्या कबड्डीपटूंसाठी आणि पालकांसाठी हा लेख आहे. प्रत्येक निर्णय घेताना एकच प्रश्न विचारा: यामुळे मुलं टिकतील का?

कोणता रग्बी खेळायचा?

रग्बीचे दोन मुख्य प्रकार आहेत. एकात प्रत्येक बाजूला १५ खेळाडू असतात आणि सामना ८० मिनिटांचा असतो. दुसरा सेव्हन्स. त्यात ७ खेळाडू आणि सात-सात मिनिटांचे दोन भाग. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकपासून सेव्हन्स ऑलिंपिकमध्ये आहे आणि भारतातल्या कनिष्ठ गटांच्या राष्ट्रीय स्पर्धाही याच प्रकारात होतात. एका शाळेतून किंवा गावातून दहा-बारा तयार खेळाडू काढणं शक्य असतं, पंचवीस काढणं कठीण. त्यामुळे आपल्यासाठी सेव्हन्सच योग्य.

नियमांची तोंडओळख पाच मिनिटांत होते. चेंडू हाताने पुढे फेकायचा नाही, पास नेहमी बाजूला किंवा मागे द्यायचा. पुढे जायचं ते चेंडू घेऊन पळत किंवा पायाने मारून. प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपलीकडे चेंडू जमिनीला टेकवला की ट्राय होतो आणि ५ गुण मिळतात. नवी मुलं रेषा ओलांडताच हात वर करून नाचू लागतात. चेंडू हाताने जमिनीवर दाबल्याशिवाय गुण नाही, हे पहिल्याच दिवशी पक्कं करून घ्या. ट्रायनंतर गोलखांबांतून चेंडू मारला की आणखी २ गुण, पण लहानांच्या सामन्यांत हा भाग सरळ वगळा.

पहिलं पूर्ण वर्ष अंगाला भिडण्याचा खेळ नको. कमरेला दोन्ही बाजूंनी पट्ट्या लावायच्या आणि प्रतिस्पर्ध्याने पट्टी ओढली की पळणाऱ्याने थांबून पास द्यायचा, याला टॅग रग्बी म्हणतात. पट्ट्या नसतील तर दोन हातांच्या स्पर्शावर खेळता येतं. वर्ल्ड रग्बी या जागतिक संघटनेने २०२२ मध्ये टी-वन रग्बी नावाचा प्रकार आणला, त्यातही टॅकलऐवजी, म्हणजे पळणाऱ्याला धरून खाली पाडण्याऐवजी, दोन हातांचा स्पर्शच आहे. या खेळात मुलगे-मुली सोबत खेळू शकतात, बारीक अंगाचं पोरगं घाबरत नाही आणि पास देण्याची सवय आपोआप लागते. ज्याला पास देता येत नाही त्याला टॅकल शिकवून उपयोग नाही. १२ वर्षांखालच्यांना टॅगच पुरेसा आहे. त्यापुढच्यांनीही एक हंगाम टॅग खेळल्यावरच टॅकलकडे वळावं.

हंगाम: पाऊस, पिकं आणि परीक्षा

रग्बीच्या इतिहासात हवामानाने हरवलेला एक नामवंत संघ भारतातच होता. १८७२ च्या नाताळात कोलकात्यात इंग्रजांनी सामना खेळला, पुढच्या जानेवारीत कलकत्ता फुटबॉल क्लब स्थापन केला आणि पाच-सहा वर्षांत तो बंदही पडला. सदस्य गळत गेले, कारण तिथल्या उकाड्यात पोलो आणि टेनिस त्यांना अधिक मानवत होते. क्लबने बँकेतले उरलेले चांदीचे २७० रुपये काढून वितळवले आणि त्यांचा चषक घडवला. तीन नागांच्या मुठी आणि झाकणावर हत्ती असलेला तो कलकत्ता कप १८७९ पासून इंग्लंड आणि स्कॉटलंड यांच्यात खेळला जातो. चषक जगला, संघ गेला. हवामान न पाहता आखलेल्या खेळाचं काय होतं, याचं हे उदाहरण वर्ध्याने लक्षात ठेवावं. इथे मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो.

विदर्भातल्या शाळा जूनच्या अखेरीस उघडतात. तिथपासून मार्चपर्यंतचा काळ आपल्या हातात असतो, आणि त्याचे तीन टप्पे करावेत.

पहिला टप्पा जुलै ते सप्टेंबर. नोंदणी, आरोग्य तपासणी, पट्टी ओढण्याचे खेळ आणि पास. या काळात काळी माती बुटाला चिकटून पाय जड होतात आणि वळताना गुडघा अडकतो. जोरदार पाऊस झाल्यावर एक-दोन दिवस मैदान सोडा, शाळेच्या व्हरांड्यात बसून किंवा उभ्याने पासचा सराव घ्या. विजेचा नियम कडक ठेवा. गडगडाट ऐकू आला की खेळ थांबवून सगळे पक्क्या इमारतीत, आणि शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं कोणी बाहेर येणार नाही. झाडाखाली उभं राहायचं नाही. शालेय क्रीडा स्पर्धांच्या तालुका आणि जिल्हा फेऱ्याही साधारण याच सुमारास सुरू होतात. म्हणून त्या वर्षीचं वेळापत्रक जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयातून जुलैमध्येच आणून ठेवा.

दुसरा टप्पा ऑक्टोबर ते नोव्हेंबरचा मध्य. सोयाबीनची कापणी, दसरा-दिवाळी आणि मग कापसाची वेचणी. शेतकरी आणि शेतमजूर घरांतली मुलं, त्यातही मुली, या दिवसांत शेतात असतात. अनेक संघ इथेच फुटतात, कारण प्रशिक्षक गैरहजेरीची शिक्षा देतो आणि मूल परत येत नाही. सराव आठवड्यातून दोनदाच ठेवा, गैरहजर मुलांना आधीच सांगून ठेवा की तुमची जागा कोणी घेतलेली नाही. वेचणीवरून थकून आलेल्या मुलाकडून त्याच संध्याकाळी धावाधाव करून घेऊ नका.

तिसरा टप्पा नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंत. हा आपला खरा हंगाम. हवा थंड, मैदान कोरडं, दिवस स्वच्छ. आपसातले सामने आणि, दुसऱ्या वर्षापासून, टॅकल शिकवणं याच काळात. दहावी-बारावीच्या मुलांना जानेवारीपासून आठवड्यातून दोन हलक्या सरावांवर आणा. त्यांना संघातून काढू नका. परीक्षेच्या ताणात तासभर पळणं त्यांच्या फायद्याचं असतं, आणि घरच्यांनाही संघ अभ्यासाच्या आड येत नाही हे दिसतं. मार्चच्या मध्याला हंगाम बंद. एप्रिल-मे पूर्ण विश्रांती, कारण वाढत्या वयाच्या हाडा-सांध्यांना त्याची गरज असते.

मैदान आणि साहित्य

मुलांना १०० मीटर लांबीचं पूर्ण मैदान लागत नाही. १२ वर्षांखालच्यांना सुमारे ५० बाय ३० मीटर, त्याहून मोठ्यांना ६० बाय ४० मीटर भरपूर झालं. फक्कीने रेषा आखा. कोपऱ्यांना विटा किंवा दगड ठेवू नका, प्लॅस्टिकच्या जुन्या थाळ्या चालतात. गोलखांब नसले तरी काही बिघडत नाही. असतील तर जुन्या गादीचा जाड थर माणसाच्या उंचीपर्यंत बांधा. प्रत्येक सरावाआधी एका मोठ्या माणसाने अख्खं मैदान चालून पाहावं. काचा, बाभळीचे काटे, पावसाळ्यानंतरच्या गवतात साप-विंचू आणि हिवाळा सरताना काळ्या मातीत पडू लागलेल्या भेगा, सगळं पाहायचं. भेगेत अडकलेला पाय घोट्यातून मुरगळतो. मुरमाड मैदानावर टॅग खेळता येतो, टॅकल नाही.

चेंडूचा आकार वयाप्रमाणे घ्या. ९ वर्षांपर्यंत ३ नंबर, १० ते १४ ला ४ नंबर, त्यापुढे ५ नंबर. मोठा चेंडू लहान हातात बसत नाही, मग मूल तो छातीशी कवटाळून पळतं आणि पास शिकत नाही. पट्ट्यांसाठी जुन्या साडीचे किंवा चादरीचे हातभर तुकडे कमरेच्या नाड्यात खोचले तरी काम होतं. मात्र ते बांधायचे नाहीत, ओढताच सुटले पाहिजेत. बुटांबाबत एकच नियम: सगळे बूट घालून किंवा सगळे अनवाणी. अनवाणी मुलाच्या पावलावर दुसऱ्याचा बूट पडला की बोट मोडतं.

टॅकल सुरू झाल्यावर दातांचं रक्षण करणारा माउथगार्ड हवाच. गरम पाण्यात मऊ करून दातांखाली दाबून बसवायचा साधा प्रकार परवडतो. एवढ्या एका वस्तूसाठी देणगीदार शोधा. कानातले, पैंजण, बांगड्या, अंगठी, गळ्यातला दोरा आणि ताईत खेळताना चालत नाहीत. ताईत काढायला घरून विरोध होतो. अशा वेळी मुलावर ओरडू नका. आईशी बोला, खेळताना तो तिच्याकडे ठेवायला सांगा.

कबड्डीची देणगी आणि तिच्या सवयी

विदर्भाच्या मातीत कबड्डी मुरलेली आहे. शेजारच्या अमरावतीत १९१४ मध्ये स्थापन झालेल्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी कबड्डीचं प्रात्यक्षिक दाखवलं होतं. आपल्याकडची मुलं खाली वाकून पकड करणं, तोल राखणं, समोरच्याच्या कमरेकडे पाहून त्याची दिशा ओळखणं लहानपणीच शिकलेली असतात. खो-खोतून आलेल्यांना अचानक वळणं आणि हुलकावणी देणं येतं. रग्बीसाठी हा तयार पाया आहे. मात्र कबड्डीच्या चार सवयी रग्बीत धोकादायक आहेत, आणि त्या जाणीवपूर्वक मोडाव्या लागतात.

पहिली सवय धडक. कबड्डीत खांद्याने डॅश मारून चढाईपटूला बाहेर घालवणं कौशल्याचं समजतात. रग्बीत हातांचा विळखा न घालता दिलेली धडक हा गुन्हा आहे. दुसरी, उचलणं. चढाईपटूला मांडीतून उचलून आपटलं की टाळ्या पडतात, रग्बीत तेच केल्यास खेळाडूला थेट बाहेर काढतात, कारण माणूस मानेवर पडतो. तिसरी, साखळी. तीन-चार जणांनी मिळून एकाला दाबणं मुलांच्या रग्बीत पूर्ण बंद ठेवा: एका वेळी एकच टॅकल करणारा. चौथी आणि सर्वांत चिवट सवय म्हणजे धरून ठेवणं. कबड्डीत दम संपेपर्यंत सोडायचं नसतं. रग्बीत समोरचा जमिनीवर पडला की त्याला लगेच सोडावं लागतं, आणि पडलेल्यानेही चेंडू आपल्या संघाच्या बाजूला ठेवून सोडावा लागतो.

टॅकल शिकवण्याचा क्रम असा ठेवा. आधी पडायला शिकवा: हात ताठ न टेकता बाजूवर घरंगळत पडणं. कुस्तीचा आखाडा किंवा शाळेतल्या गाद्या यासाठी उत्तम. त्यानंतर पोत्यात कुटार भरून त्यावर खांदा लावणं. पुढे जोडीने, दोघंही गुडघ्यांवर. मग चालत, आणि सगळ्यात शेवटी हळू पळत. जोड्या वयाने नाही, वजन आणि उंची पाहून लावा. टॅकल करणाऱ्याचं डोकं नेहमी समोरच्याच्या मागच्या बाजूला, गाल त्याच्या कुल्ल्याला लागलेला, डोळे उघडे, पाठ सरळ. डोकं पुढच्या बाजूला गेलं की गुडघा डोक्याला लागतो. रग्बीच्या नियमांत खांद्याच्या रेषेच्या वर टॅकल चालत नाही, तुम्ही आपल्या संघासाठी रेषा आणखी खाली आणा: कमरेच्या वर हात नाही. स्क्रममध्ये, म्हणजे दोन्ही संघांचे पुढचे खेळाडू वाकून समोरासमोर भिडतात तेव्हा, मुलांनी एकमेकांना ढकलायचं नाही, नुसतं वाकून जुळायचं.

सराव कसा असावा?

सव्वा तास पुरे. सुरुवातीची पंधरा मिनिटं अंग गरम करण्याचे व्यायाम: एका पायावर तोल, उडी मारून अलगद उतरणं, मान आणि खांद्याची बळकटी, अचानक दिशा बदलणं. वर्ल्ड रग्बीचा ॲक्टिव्हेट हा असाच व्यायामक्रम मोफत उपलब्ध आहे. इंग्लंडमधल्या शाळकरी संघांवर झालेल्या आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, हा क्रम आठवड्यातून निदान तीन वेळा करणाऱ्या संघांत सामन्यांतल्या दुखापती ७२ टक्क्यांनी आणि डोक्याला मार लागून मेंदू हादरण्याचे प्रकार ५९ टक्क्यांनी कमी आढळले. एवढा फायदा देणारी दुसरी कोणतीही गोष्ट इतक्या स्वस्तात मिळत नाही.

त्यानंतर अर्धा तास छोटे खेळ: तीन विरुद्ध दोन, चार विरुद्ध तीन. कोणालाही रांगेत उभं ठेवू नका. मग एका कौशल्यावर पंधरा मिनिटं, शेवटी सामना. जाताना पाच मिनिटं गोल बसून मुलांनाच विचारा, आज काय जमलं. प्रशिक्षकांनी शिकत राहावं. वर्ल्ड रग्बीचे प्राथमिक प्रशिक्षण आणि सुरक्षिततेचे अभ्यासक्रम इंटरनेटवर विनामूल्य आहेत. टॅकल शिकवणाऱ्याने ते पूर्ण केल्याशिवाय मुलांना भिडवू नये.

डोकं, ऊन आणि रक्त

डोक्याला मार लागल्याची शंका आली की मूल मैदानाबाहेर, आणि त्या दिवशी परत आत नाही. बेशुद्ध पडलं तरच गंभीर, हा समज चुकीचा आहे. गोंधळल्यासारखं वागणं, डोकं दुखणं, मळमळ, डोळ्यांपुढे दोन-दोन दिसणं, तोल जाणं, गुणसंख्या किंवा वार न आठवणं, यातलं एकही लक्षण पुरेसं आहे. ‘मी बरा आहे सर’ या शब्दावर जाऊ नका, खेळायचं असतं म्हणून मूल असं म्हणतंच. पहिले २४ तास त्याला एकटं सोडू नये, एक-दोन दिवस मोबाइल आणि टीव्ही जवळपास बंद. मग शाळा, मग हलकं चालणं-पळणं, मग चेंडू, असा पायरीपायरीने परतीचा मार्ग. निदान तीन आठवडे सामना नाही आणि त्यानंतरही डॉक्टरांच्या लेखी परवानगीनेच. पहिली दुखापत भरण्याआधी दुसरी झाली तर मुलाच्या जिवावर बेतू शकतं.

वारंवार उलटी, वाढत जाणारी डोकेदुखी, झटके, मान दुखणं, हातापायांत मुंग्या किंवा झोपाळूपणा दिसला की थेट १०८. मान दुखत असेल तर मुलाला हात धरून उठवू नका, जिथे आहे तिथेच स्थिर ठेवा. सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय, सावंगीचं आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय, वर्ध्याचं जिल्हा सामान्य रुग्णालय अशी मोठी रुग्णालयं जिल्ह्यात आहेत. आपल्या मैदानापासून सर्वांत जवळचं कोणतं, रस्ता कोणता, गाडी कोणाची, हे हंगामाआधी ठरवून कागदावर लिहून ठेवा.

उन्हाबाबत नियम साधा: फेब्रुवारीच्या अखेरीपासून सराव सकाळी ८ च्या आत संपवा. दर पंधरा-वीस मिनिटांनी पाणी, आणि ते मागायची वाट न पाहता. लिंबू, मीठ, साखरेचं पाणी किंवा ओआरएस जवळ असावं. मूल बरळू लागलं, अंग तापलं, चालताना झोकांड्या जाऊ लागल्या तर सावलीत नेऊन अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि गाडी बोलवा.

आपल्या भागासाठी आणखी एक गोष्ट अत्यंत महत्त्वाची आहे: सिकलसेल. विदर्भात हा आनुवंशिक रक्तविकार बराच आढळतो. शरीरातलं पाणी कमी झालं आणि दमणूक फार झाली की अशा रक्तातल्या लाल पेशी विळ्याच्या आकाराच्या होऊन बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. म्हणून नोंदणीच्या वेळीच प्रत्येक मुलाची सिकलसेल आणि हिमोग्लोबिन तपासणी झाली आहे का ते विचारा. झाली नसेल तर प्राथमिक आरोग्य केंद्राशी किंवा ग्रामीण रुग्णालयाशी बोलून करून घ्या. प्रत्यक्ष आजार असलेल्या मुलाने डॉक्टरांच्या सल्ल्यानेच खेळावं. केवळ वाहक असलेलं मूल खेळू शकतं, पण त्याचा सराव हळूहळू वाढवायचा, पाणी भरपूर द्यायचं आणि पाय जड झाले म्हणताच थांबवायचं. ही माहिती प्रशिक्षकापुरतीच राहिली पाहिजे. संघापुढे तिचा उच्चार झाला तर ते मूल पुन्हा येणार नाही, आणि पुढे तिच्या-त्याच्या लग्नापर्यंत ती गोष्ट पोचते.

खाण्यासाठी महागडी पावडर नको. सरावानंतर मूठभर फुटाणे, शेंगदाणे आणि गूळ, एखादं केळ किंवा उकडलेलं अंडं पुरतं. आर्वी, आष्टी, कारंजा भागात हंगामात संत्र्यांचीही कमी नसते. अनेक मुलं दुपारच्या शाळेतल्या जेवणावर संध्याकाळी मैदानात येतात, हे विसरू नका. मंडळाकडे पैसे थोडे असतील तर जर्सीआधी खाऊवर खर्च करा.

मुलींसाठी वेगळी तयारी

मुलींनी रग्बी खेळावा का, या प्रश्नाचं उत्तर देशाच्या महिला संघाने दिलेलं आहे. २०१९ मध्ये मनिला इथे भारतीय महिलांनी सिंगापूरला २१-१९ असं हरवून पंधरा जणींच्या रग्बीतला आपला पहिला आंतरराष्ट्रीय विजय मिळवला. पुण्याच्या वाहबिज भरुचा यांनी भारताचं कर्णधारपद सांभाळलं. महाराष्ट्राच्या वैष्णवी पाटील आणि कल्याणी पाटील भारताकडून खेळल्या. गावातल्या पालकांना ही नावं सांगा. पण मुली टिकतात त्या नावांमुळे नाही, सोयींमुळे. कपडे बदलायला बंद खोली, वापरता येईल असं स्वच्छतागृह, पाळीच्या दिवसांसाठी पॅड आणि न विचारता मिळणारी सुटी, अंधाराआधी संपणारा सराव, घरापर्यंत सोबत. आखूड चड्डीचा आग्रह धरू नका, ट्रॅक पँट किंवा लेगिंगवर उत्तम खेळता येतं. मुलींच्या संघासोबत सरावाला आणि प्रवासाला एक जबाबदार महिला असलीच पाहिजे.

सुरक्षिततेचे काही नियम सगळ्याच मुलांसाठी लिहून लावा. कोणताही प्रौढ एका मुलासोबत बंद जागेत एकटा राहणार नाही. निरोप पालकांच्या गटावर जातील, मुलांच्या खासगी नंबरवर नाहीत. तक्रार कोणाकडे करायची, त्या व्यक्तीचं नाव प्रत्येक मुलाला माहीत असेल. मुलांचं लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण करणारा २०१२ चा पॉक्सो कायदा प्रत्येक प्रशिक्षकाने समजून घेतलेला असावा.

सामने: सगळ्यांना मैदान मिळालं पाहिजे

मोठ्या स्पर्धांसाठी नागपूर किंवा पुण्याला जावं लागतं, खर्च होतो आणि सामना खेळतात तेच-ते सात जण किंवा त्याच-त्या सात जणी. म्हणून आधी जिल्ह्यातच सामने उभे करा. आपल्याकडे आठ तालुके आहेत. त्यातल्या तीन-चार ठिकाणी संघ झाले की महिन्यातून एका रविवारी एकेका गावी एकत्र यायचं, सकाळी ८ ते ११, प्रत्येक संघाचे तीन छोटे सामने, कोणताही अंतिम सामना नाही. एसटीने जाऊन दुपारी घरी परत. प्रत्येक मूल निम्मा वेळ तरी खेळलंच पाहिजे, हा नियम सगळ्या संघांनी आधी मान्य करायचा. एक पालक फक्त कोण किती मिनिटं खेळलं ते लिहील. बाकावर बसून राहिलेलं मूल पुढच्या महिन्यात येत नाही.

रग्बीत पंचांशी फक्त कर्णधार बोलतो, आणि तोही अदबीने. ही शिस्त पालकांनाही लागू करा. रेषेबाहेरून एकच प्रशिक्षक बोलेल, बाकीच्यांनी टाळ्या वाजवाव्यात, दोन्ही संघांसाठी. सामना संपल्यावर दोन्ही संघ समोरासमोर रांगा करून एकमेकांना टाळ्या देत जातात आणि मग एकत्र बसून खातात. रग्बीची ही सुंदर परंपरा पहिल्या सामन्यापासून पाळा. यजमान गावाने खिचडी किंवा पोहे करावेत, आणि आर्वीचं मूल हिंगणघाटच्या मुलाशेजारी बसेल असं पाहावं. तिथे झालेली मैत्री मुलांना पुढच्या महिन्यातही आणते.

कागदपत्रं आणि पुढची वाट

सुरुवातीलाच स्वतंत्र संस्था नोंदवण्याची घाई करू नका. आधीपासून नोंदणी असलेल्या शाळेच्या किंवा क्रीडा मंडळाच्या छत्राखाली एक-दोन वर्षं काढा. प्रत्येक मुलाचा जन्मदाखला, आधार, पालकांची लेखी संमती, आरोग्याची माहिती आणि दोन फोन नंबर एका फाइलमध्ये असू द्या. वय लपवून खालच्या गटात खेळवू नका. भिडण्याच्या खेळात दोन वर्षांचा फरक म्हणजे समोरच्या मुलाची हाडं धोक्यात घालणं.

शालेय स्पर्धांची वाट तालुका, जिल्हा, विभाग आणि राज्य अशी वर जाते. वर्धा नागपूर विभागात येतो. दुसरी वाट संघटनेची: भारतीय रग्बी फुटबॉल युनियनच्या १५ वर्षांखालील आणि १८ वर्षांखालील राष्ट्रीय स्पर्धा होतात आणि त्यासाठी राज्याचे संघ निवडले जातात. खेळातल्या कामगिरीवर दहावी-बारावीत सवलतीचे गुण आणि शासकीय नोकरीत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे. पण कोणत्या खेळाला, कोणत्या स्तरावर आणि कोणत्या प्रमाणपत्राने ते मिळतं, हे त्या वर्षीच्या शासन निर्णयात पाहूनच पालकांना सांगा. नोकरीच्या आशेवर आणलेलं मूल ती आशा मावळताच खेळ सोडतं.

मार्चमध्ये हंगाम संपला की हजेरीपट उघडा. जे मूल नोव्हेंबरनंतर दिसलं नाही, त्याच्या घरी स्वतः जा. कारण विचारा, दोष देऊ नका. कुठे बूट नसतील, कुठे भीती बसली असेल, कुठे प्रशिक्षकाचाच शब्द लागला असेल. ती कारणं एका वहीत लिहा आणि पुढच्या जुलैचा सराव त्या वहीवरून आखा. जिल्ह्यातल्या शिक्षकांना आणि जुन्या खेळाडूंना कळकळीची विनंती एवढीच, की पहिल्या वर्षी चषकाच्या मागे लागू नका. पंचवीस मुलांनी सुरुवात केली आणि दुसऱ्या वर्षी त्यातली वीस धडधाकट परत आली, तर तुमचा हंगाम यशस्वी झाला.